विषय : जमीन नसण्याबाबत

चिरंजीवांचा गेम अखेर पूर्ण झाला, त्यात एकही चूक उरली नाही, आणि त्याच दिवशी तो खेळणाऱ्या जगातल्या एकमेव माणसाने तो खेळणं सोडून दिलं.

असं काही झालेलं नाही. कुणी विचारलंच तर घरात तिघांचं एकमत आहे की असा दिवस उगवलाच नव्हता, त्या आठवड्यात मंगळवार संपला आणि थेट गुरुवार लागला. तेव्हा वरचं वाक्य वाचलंच नाही असं समजावं आणि आपण मुळापासून सुरुवात करू.

चिरंजीव म्हणजे त्या घरातला एकुलता एक मुलगा, वय वर्षं चोवीस. त्याला घरात कुणी नावाने हाक मारत नसे, कारण वडील पडले अर्जनवीस. नोंदणी कार्यालयाच्या बाहेरच्या जिन्याखाली एक घडीचं टेबल, पत्र्याची पेटी आणि कार्बन पेपरचा गठ्ठा घेऊन ते तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहून देत आले होते. कुणाचा जन्माचा दाखला हरवलेला, कुणाच्या भिंतीत शेजाऱ्याची भिंत घुसलेली. माणसं समोर बसून रडायची, ओरडायची, मधेच तिसऱ्याच कुणाला शिव्या घालायची, आणि बाबा ते सगळं ऐकून ‘वरील विषयास अनुसरून’ पासून ‘आपला विश्वासू’ पर्यंत एका पानात नीट बसवून द्यायचे. तीस वर्षं असं केल्यावर माणूस घरीही तसाच बोलतो. “चिरंजीवांची आंघोळ झाली का?” असं ते आईला विचारायचे आणि चिरंजीव शेजारीच टॉवेल घेऊन उभे असायचे.

चिरंजीव सकाळी सात ते दोन एका कुरिअरच्या गोदामात पाकिटांवरचे पत्ते कॉम्प्युटरमध्ये भरायचे. दोन वाजल्यानंतर ते गेम प्रोग्रॅमर असायचे. निदान गेलं वर्षभर ते लोकांना तसं सांगत होते. त्या वर्षात दोन महिने स्वतःच्या कंपनीचं नाव ठरवण्यात गेले. तीन महिने कंपनीचा लोगो काढण्यात गेले. लोगोतला कोल्हा कुत्र्यासारखा दिसतो असं आई म्हणाली म्हणून चौथा महिना त्यात गेला, आणि तेव्हापासून तो मांजरासारखा दिसू लागला. मग त्यांनी गेम शिकवणारे एकसष्ट व्हिडिओ पाहिले. त्यातला मास्तर प्रत्येक वेळी ‘हे अगदी सोपं आहे’ म्हणून सुरुवात करायचा आणि चिरंजीव मान डोलवायचे. पाहायला ते खरोखरच सोपं होतं. काठावर बसून पोहणाऱ्यांकडे बघताना आपण कुठे बुडतो?

शिवाय एक वही होती. तीत त्यांच्या पहिल्यावहिल्या गेमचा आराखडा होता. चारशे राज्यं, प्रत्येक राज्याला वेगळा पाऊस, आणि ज्याचं त्याचं स्वतंत्र दुःख असलेले बारा हजार सैनिक. प्रत्यक्षात तयार झालेली गोष्ट मात्र एकच. पहिल्या धड्यात सांगितल्याप्रमाणे त्यांनी कॉम्प्युटरकडून स्क्रीनवर ‘नमस्कार’ असं लिहून घेतलं होतं. ते त्यांनी आईला बोलावून दाखवलं. आईने ओल्या हातांनीच स्क्रीनला उलट नमस्कार केला, “मोठे व्हा,” म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

कॉम्प्युटर आतल्या बोळात होता, वॉशिंग मशीनला खेटून, कारण दुसरं सॉकेट घरात नव्हतं. मशीन कपडे पिळायला लागलं की टेबल थरथरायचं आणि स्क्रीनवरचा बाण आपला आपणच कोपऱ्यात जाऊन बसायचा. “वर्षभरात तिथे जे काही हललंय ते मशीनमुळेच हललंय,” असं आई पाहुण्यांना सांगायची.

हे असंच सुखाने चालू राहिलं असतं. पण बाबा पडले. ज्या जिन्याखाली ते तीस वर्षं बसले त्या जिन्यावर ते सहसा चढत नसत. त्या दिवशी वरच्या साहेबांनी चहाला बोलावलं म्हणून चढले, आणि उतरताना शेवटच्या तीन पायऱ्या त्यांनी एकदम उरकल्या. उजवं मनगट मोडलं.

प्लास्टर निघालं तेव्हा आतून जो हात बाहेर आला तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसा होता. पांढराफटक, बारीक, आणि कुणाचं न ऐकणारा. चार बोटं कशीबशी हलायची. अंगठ्याने मात्र संप पुकारला होता.

“काका, नीट ऐका,” व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओबाई म्हणाल्या. “हा अंगठा रोज चारशे वेळा आत-बाहेर झाला पाहिजे. सहा आठवडे. कंटाळा केलात तर तो आहे तिथेच घट्ट बसेल. मग चमचा धरता येईल, पेन नाही.”

त्यांनी दाबायला एक मऊ चेंडू दिला. बाबांनी घरी येऊन तो वर्तमानपत्र उडू नये म्हणून त्यावर ठेवला.

“अहो, दाबा ना तो,” आई म्हणाली.

“कशासाठी?”

“अंगठ्यासाठी!”

“ते उद्दिष्ट झालं. चेंडू दाबल्याने प्रत्यक्ष काय निष्पन्न होतं ते सांग. दाबला, सोडला. पुन्हा होता तसा. ह्याला काही अंत आहे का?”

“चारशे झाले की अंत आहे.”

“आणि उद्या पुन्हा चारशे. हे काम नाही. ही शिक्षा झाली.”

रोज सकाळी ते जिन्याखाली जाऊन बसत आणि अकराच्या आत परत येत. लिहिता येत नसलेल्या अर्जनवीसाकडे कोण बसणार? शेजारच्या टेबलावरचा टायपिस्ट त्यांच्या माणसांना “तोवर माझ्याकडे या” म्हणू लागला होता. पहिल्या आठवड्यात बाबांनी ते घरी हसत सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात टायपिस्ट ‘तोवर’ म्हणायचा थांबला. ते सांगताना बाबा हसले नाहीत. जेवताना त्यांनी चमचा डाव्या हातात घेतला आणि उजवा हात टेबलाखाली ठेवला, घरात आलेल्या अनोळखी माणसाला आतल्या खोलीत बसवावं तसा.

तेव्हा चिरंजीवांच्या तोंडून ते वाक्य निघून गेलं.

“मी बाबांसाठी गेम बनवतो. अंगठ्याने खेळायचा.”

आईने पोळी अर्धवट मोडून ठेवली. “चारशे राज्यांचा?”

“एकाच माणसाचा.”

“कधीपर्यंत?” बाबांनी विचारलं.

“आठवड्याभरात.”

“लेखी दे.”

चिरंजीवांना वाटलं बाबा चेष्टा करताहेत. बाबा अर्जाच्या बाबतीत कधीच चेष्टा करत नसत. जेवण झाल्यावर चिरंजीवांना हमीपत्र लिहून द्यावं लागलं, त्यात बाबांनी दोन दुरुस्त्या सुचवल्या, आणि ते फ्रिजवर चिकटवण्यात आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या कामाला मुदत आली होती. बोळात जाऊन ते खुर्चीवर बसले, कोल्ह्याचा लोगो उघडला, त्याचं शेपूट थोडं सरळ केलं आणि घाबरले.

माणूस काढायला त्यांना येत नव्हता, म्हणून त्यांनी एक चौकोन काढला आणि त्याला दोन ठिपक्यांचे डोळे दिले. हात-पाय पुढच्या आवृत्तीत. गेम सगळ्यात साधा ठरवला. चौकोन जमिनीवर उभा राहील, बटण दाबलं की उडी मारेल, समोरून दगड येतील ते ओलांडेल. दगडही पुढच्या आवृत्तीत.

आता उडी मारायची तर खाली यायला हवं, आणि खाली यायचं तर गुरुत्वाकर्षण हवं. गुरुत्वाकर्षण चिरंजीव शाळेत शिकले होते आणि त्यात नापासही झाले होते. आता ते त्यांना स्वतःच्या हाताने लिहायचं होतं. तिथे त्यांना कळलं की कॉम्प्युटरला काहीच माहीत नसतं. वस्तू खाली पडते हे माहीत नसतं. खाली म्हणजे कुठे हेही माहीत नसतं. स्क्रीनवर खाली जाताना आकडे वाढतात, हे व्हिडिओतल्या मास्तरांनी सांगितलं तेव्हा चिरंजीव पाणी प्यायला उठले होते. त्यामुळे पहिल्या दिवशी चौकोन सुरू झाल्या झाल्या सरळ वर गेला.

“कुठे गेला?” मागे उभ्या असलेल्या बाबांनी विचारलं.

“वर.”

“कुणाच्या परवानगीने?”

दोन दिवस वाट पाहिली तरी तो आला नाही. मग चिन्ह बदललं आणि चौकोन खाली पडू लागला. चिरंजीवांना इतका आनंद झाला की उरलेले तीन दिवस त्यांनी जमीन रंगवण्यात घालवले. तपकिरी माती, तिच्यात बारीक खडे, वर गवताची पाती. प्रत्येक पात्याचा हिरवा रंग वेगळा. मांजरासारखा दिसणारा कोल्हा काढणाऱ्या माणसाच्या मानाने ते गवत फारच सुंदर जमलं होतं.

मुदतीच्या दिवशी दुपारी आईने वॉशिंग मशीन बंद ठेवलं. बाबा खुर्चीवर बसले. चिरंजीवांनी मित्राकडून आणलेला जुना गेमपॅड त्यांच्या उजव्या हातात दिला आणि अंगठा उचलून बटणावर ठेवला. गेम सुरू केला.

चौकोन वरून आला, गवतापाशी पोचला, आणि गवत तिथे नाहीच अशा थाटात त्यातून आरपार जाऊन खाली बुडू लागला.

जमीन तीन दिवस रंगवली होती, पण ती जमीन आहे, तिला आदळून थांबायचं असतं, हे कॉम्प्युटरला सांगायचं राहिलं होतं. कॉम्प्युटरच्या दृष्टीने ते एक छान चित्र होतं. चिरंजीवांनी “थांबा, एक मिनिट” म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांनी घाबरून बटण दाबलं. कण्हतच दाबलं. आणि चौकोनाने बुडता बुडता हवेतच उडी मारली.

कारण पाय जमिनीवर असतील तरच उडी, ही अटसुद्धा चिरंजीवांनी घातलेली नव्हती.

चौकोन वर आला, थबकला आणि पुन्हा बुडू लागला. बाबांनी पुन्हा दाबलं. पुन्हा वर.

“अच्छा,” बाबा म्हणाले. त्यांची नजर स्क्रीनवरून हलत नव्हती. “म्हणजे ह्याच्या पायाखाली काही नाही. दिसतंय, पण आधार नाही.”

“बाबा, ते खरं तर—”

“आणि मी हात थांबवला की हा गेला. असं आहे ना?”

चिरंजीवांनी आईकडे पाहिलं. आई बाबांच्या अंगठ्याकडे पाहत होती. तो हलत होता.

“हो,” चिरंजीव म्हणाले. “अगदी तसंच आहे. तसंच ठेवलंय मुद्दाम.”

त्यांच्या कारकिर्दीतली ही पहिली थाप होती, आणि पुढे त्यांना समजलं की धंद्यात हिला डिझाइन म्हणतात.

बाबांनी चौकोनाला ‘अर्जदार’ असं नाव दिलं. पहिल्या दिवशी अर्जदार अकरा उड्यांत बुडाला. बाबा हात झटकत, कळ सोसत उठले, बोळातून बाहेर गेले आणि दोन मिनिटांत परत आले. “त्याला तसा सोडून कसं चालेल?” दुसऱ्या दिवशी साठ उड्या झाल्या. आठवड्याच्या शेवटी ते जिन्याखालून परत आले की चपला काढायच्या आधी बोळात डोकावू लागले. आयुष्यभर बुडायला आलेली माणसंच त्यांच्या टेबलासमोर बसली होती. बाबांना खेळाचे नियम समजावून सांगावे लागले नाहीत.

मात्र तोंडी सूचना देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. गेममध्ये काही खटकलं की अर्ज निघायचा. ते सांगायचे, आई लिहायची, आणि चिरंजीव ते स्वीकारून वर तारीख टाकायचे. ‘विषय : अर्जदार वारंवार बुडत असल्याबाबत.’ ‘विषय : अर्जदार किती वेळा वाचवला याचा आकडा स्क्रीनवर दिसण्याबाबत.’ ‘विषय : गवत सुंदर असले तरी दिशाभूल करणारे असल्याबाबत.’ आकडा चिरंजीवांनी लावून दिला. त्या आकड्यामुळे बाबा चारशेवर कधी गेले ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

खेळाच्या तिसऱ्या आठवड्यात फिजिओबाईंनी अंगठा वाकवून पाहिला आणि भुवया वर केल्या. “काका, चेंडू चांगला दाबताय की!”

“चेंडू वर्तमानपत्रावर आहे,” बाबा म्हणाले. “मी एका माणसाला वर ठेवतोय.”

बाईंनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “ते खरं आहे. माणूस चौकोनी आहे, पण आहे.”

इथपर्यंत सगळं ठीक होतं, आणि ते ठीक ठेवायला चिरंजीवांना काहीही करायचं नव्हतं. काहीही न करण्यात तर त्यांचा वर्षभराचा अनुभव होता. पण माणसाला कौतुक हवं असतं. इंटरनेटवर नवशिक्या गेमवाल्यांचा एक कट्टा होता, तिथे आपापले गेम लोकांना दाखवता येत. चिरंजीवांनी आपला गेम तिथे ठेवला. खाली लिहिलं, ‘माझा पहिला प्रयत्न. मोकळेपणाने मत द्या.’ लोकांनी दिलं.

‘जमिनीला धडक लावायला विसरलास, बाळा.’

‘हवेत कशी काय उडी मारतो? ही दुसऱ्या धड्यातली चूक आहे.’

‘लोगोतलं मांजर आवडलं.’

चिरंजीवांचे कान गरम झाले. त्यांनी दाराकडे पाहिलं, जणू ते तिघे बोळात येऊन उभे राहिले होते. मग ते बसले आणि उभ्या आयुष्यात केलं नव्हतं इतकं काम त्यांनी त्या एका दुपारी केलं. जमीन घट्ट केली. पाय टेकलेले असतील तरच उडी, ही अट घातली. हाताला लागलेच आहेत तर सगळे वेडेवाकडे आकडेही सरळ केले. गुरुत्वाकर्षणाचा कुठला तरी सत्तेचाळीस पूर्णांक तीन असला आकडा होता तो पन्नास केला, उडीचाही तसाच गोल केला. जुने आकडे कुठे लिहून ठेवले नाहीत, जुन्या गेमची प्रत बाजूला काढली नाही, कट्ट्यावरचा जुना गेमसुद्धा पुसून तिथे नवा चढवला. प्रती होत्या, नाही असं नाही. ‘फायनल’, ‘फायनल दोन’ आणि ‘खरंच फायनल’ अशा नावांचे तीन फोल्डर होते, आणि तिन्हींत लोगो होता.

बुधवारी बाबा येऊन बसले. चौकोन वरून आला आणि गवतावर टप्पकन उभा राहिला. हलला नाही.

बाबांनी बटण दाबलं. चौकोनाने व्यवस्थित उडी मारली, व्यवस्थित खाली आला, व्यवस्थित उभा राहिला. चिरंजीवांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

“आता?” बाबांनी विचारलं.

“आता तो उभा आहे.”

“ते दिसतंय. मी काय करू?”

“उडी मारायला लावा.”

“कशाला? उभा आहे ना बिचारा.” बाबा थोडा वेळ पाहत राहिले. चौकोनही त्यांच्याकडे दोन ठिपक्यांनी पाहत राहिला. “जमीन मिळाली त्याला. छान झालं. प्रकरण निकाली निघालं.” त्यांनी गेमपॅड टेबलावर ठेवला, चिरंजीवांच्या पाठीवर डाव्या हाताने थोपटलं आणि वर्तमानपत्र वाचायला गेले. चेंडू उचलून बाजूला ठेवला आणि वाचून झाल्यावर परत त्यावर ठेवला.

गुरुवारी ते बोळात आले नाहीत. शुक्रवारीही नाही. शनिवारी संध्याकाळी शर्टाचं बटण लावताना अंगठा अडला, आणि ते आईला “तूच लाव” म्हणाले. आईने बटण लावलं आणि तशीच बोळात आली.

“काय केलंस तू त्याला?”

“दुरुस्त केलं.”

“मग मोड परत!”

“मोडतो. दोन ओळी तर आहेत.”

दोन ओळी काढायला दोन मिनिटं लागली. चौकोन पुन्हा गवतातून आरपार जाऊ लागला. चिरंजीवांनी बाबांना हाताला धरून आणलं. बाबांनी तीस-चाळीस वेळा दाबून पाहिलं आणि मान हलवली.

“हा तो नव्हे.”

“बाबा, तोच आहे. तोच चौकोन.”

“तो असा बुडायचा नाही. हा धोंड्यासारखा जातोय. तो जरा लाज धरून बुडायचा.”

चिरंजीवांनी आकडा पंचेचाळीस केला. बाबांनी पन्नास वेळा दाबलं. “हा फार रेंगाळतोय. ह्याला वाचायचंच नाहीये.” सेहेचाळीस केला. “हा नाटकी आहे.” उडीचा आकडा बदलला. “हा माजलाय. आपण मदत करतोय तर वर डोळे करून बघतोय.” सत्तेचाळीस पूर्णांक तीन होता की सदतीस पूर्णांक चार? की ते उडीचं होतं? चिरंजीवांनी कपाळाला हात लावला. बरोबर काय ते इंटरनेटवर हजार जणांनी लिहून ठेवलं होतं. त्यांची ती चूक मात्र जगात कुणीच लिहून ठेवलेली नव्हती. जी चूक करायला त्यांना काडीचीही अक्कल लागली नव्हती, ती परत करायला आता अक्कल पुरेना.

“नव्हे,” बाबा म्हणायचे.

“थोडा तरी जवळ आलाय का?”

“लांबचा भाऊ वाटतो.”

रोज दुपारी दोननंतर ही ओळखपरेड सुरू व्हायची. एकेका नमुन्याला बाबा पन्नास-साठ संधी द्यायचे, कारण ऐकून न घेता अर्ज फेटाळणं हे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. दिवसाला सात-आठ नमुने व्हायचे. आई भाजी निवडत मनातल्या मनात गुणाकार करायची आणि एक अक्षर बोलायची नाही. चिरंजीवांना वाटायचं आपण हरतोय. तेरा दिवसांत शंभर नमुने झाले आणि एकही पास झाला नाही.

खेळाचा सहावा आठवडा संपला. फिजिओबाईंनी अंगठा करंगळीपर्यंत नेऊन टेकवायला सांगितला. टेकला. थोडा थरथरत, पण टेकला.

“आता पेन धरून बघा, काका.”

“काय लिहू?”

“काहीही.”

“काहीही मी लिहीत नाही,” बाबा म्हणाले आणि हात खिशात घातला. परत येताना वाटेत नोंदणी कार्यालय लागलं. त्यांच्या घडीच्या टेबलावर टायपिस्टच्या माणसांनी पिशव्या ठेवल्या होत्या. बाबांनी तिकडे पाहिलं आणि चालण्याचा वेग वाढवला. घरी येऊन आईने चिरंजीवांना एवढंच सांगितलं, “अंगठा हलतो. माणूस भितोय.”

त्या संध्याकाळी एकशे आठवा नमुना नापास झाला आणि बाबांचा संयम संपला.

“घे लिहून,” ते आईला म्हणाले, आणि दहा मिनिटं सलग बोलले. तो मूळचा अर्जदार कसा होता, पहिल्या दिवशी अकराव्या उडीला कसा हातचा गेला, त्याच्या बुडण्यात कसा एक संकोच होता, आणि सुधारणेच्या नावाखाली त्याच्यावर काय अन्याय झाला. आईचं पेन चालत होतं. शेवटी ते थांबले. “वाच.”

“‘विषय : गेम बरोबर नाही.’”

“हं. मजकूर?”

“‘गेम बरोबर नाही.’”

“आणि?”

“‘आपला विश्वासू.’”

“अगं, मी दहा मिनिटं बोललो!”

“ऐकलं ना मी. एवढंच होतं त्यात.”

“संकोच कुठे गेला? अन्याय कुठे गेला?”

“बसत नव्हतं ते.”

“बसत नाही म्हणजे? एका पानात अख्खी माणसं बसवलीत मी! आण तो कागद इकडे. ऊठ. तुला समास सोडायचंसुद्धा भान नाही.”

त्यांनी कागद ओढला, आईच्या हातातलं पेन काढून घेतलं, कोपर टेबलावर टेकवलं आणि लिहायला सुरुवात केली. उजव्या हाताने. पहिली ओळ उतारावरून गेल्यासारखी खाली गेली. अक्षरं रांगेतल्या कंटाळलेल्या लोकांसारखी होती, कुणी उभं, कुणी बसलेलं, कुणी शेजाऱ्यावर रेललेलं. मधे एकदा पेन निसटलं, तेव्हा बाबांनी ते उचलून परत अंगठ्यात पकडलं आणि पेनालाच दटावलं. चिरंजीव काहीतरी बोलणार होते. आईने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. मग तिने हळूच वॉशिंग मशीनचं बटण बंद केलं, टेबल हलू नये म्हणून.

अर्ज पूर्ण व्हायला पाऊण तास लागला. बाबांनी तो एकदा वाचला, खाली रेघ मारली आणि कार्बन लावून आणखी दोन प्रती काढायला पुन्हा लिहायला बसले, कारण एका प्रतीवर कुठलंच कार्यालय हालचाल करत नाही. चिरंजीवांना मिळालेली प्रत पुढीलप्रमाणे आहे.

प्रति,
माननीय सक्षम अधिकारी,
जे कोणी असतील ते.

विषय : मूळ चूक जशीच्या तशी परत मिळण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सादर करतो की, खाली सही करणारा हा एका चौकोनी अर्जदारास रोज किमान चारशे वेळा बुडण्यापासून वाचवत होता. सदर अर्जदाराच्या पायाखाली जमीन नव्हती व त्याबद्दल त्याची कोणतीही तक्रार नव्हती. असे असताना, माझ्या चिरंजीवांनी पूर्वसूचना न देता व संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेता त्यास जमीन दिली. त्यानंतर चौकशी केली असता असे निदर्शनास आले की, पूर्वीचा बुडण्याचा वेग, त्यातील संकोच व वर येतानाचा उपकाराचा भाव हे सर्व गहाळ झाले असून त्याची नोंद कोठेही उपलब्ध नाही. आजपर्यंत एकशे आठ बनावट अर्जदार माझ्यासमोर हजर करण्यात आले. सर्वांना पुरेशी संधी देऊन मी ते फेटाळले आहेत व पुढेही फेटाळण्यास तयार आहे.

चिरंजीवांकडे विचारणा केली असता ते सांगतात की, ती चूक ते आता करू शकत नाहीत, कारण मधल्या काळात त्यांना थोडे येऊ लागले आहे. हे कारण समाधानकारक नाही.

तरी मेहेरबान साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करून, चिरंजीवांनी जमीन दिली त्या बुधवारपासून मिळवलेले सर्व ज्ञान तत्काळ रद्द करावे, आणि त्यांना त्यांच्या मूळ अज्ञानात पूर्वीच्याच जागेवर, कोणताही खंड न धरता, पुन्हा रुजू करून घ्यावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू.